विहीणबाई आणि मूळ दाखला

या वयापर्यंत मी अनेक विद्वान पाहिले, दोन-तीन खरोखरीचे साधुपुरुषही पाहिले, आणि गुरुकृपेने त्या सर्वांच्या चरणांवर मस्तक ठेवण्याचे भाग्य मला लाभले. परंतु सरकारी कार्यालयाची खिडकी जिच्या चाहुलीने आपण होऊन उघडते अशी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे आमच्या विहीणबाई. माझ्या सूनबाईंच्या या मातोश्री कोडोलीच्या. शिक्षण चौथीपर्यंत, पदरी नऊ म्हशी, आणि आवाज असा की त्या नऊ म्हशी पाणवठ्यावरून एका हाकेत परत येत. जपाचे तीन प्रकार मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना समजावून सांगितले: मोठ्याने उच्चारलेला, ओठांतल्या ओठांत पुटपुटलेला आणि केवळ मनातल्या मनात केलेला. विहीणबाईंना यांपैकी पहिलाच मान्य होता, आणि तोही केवळ जपापुरता नव्हे. त्या कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्या की शाहूपुरीतल्या आमच्या घरी चहाचे आधण चढते, असे माझा मुलगा म्हणत असे. ही अतिशयोक्ती आहे. त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर चढत असे.

मला त्या 'पावणं' म्हणत. विवाह होऊन वीस वर्षे झाली, नात मोठी झाली, तरी मी पाहुणाच राहिलो. माझ्या प्रकृतीविषयी त्यांचे मत पहिल्याच भेटीत ठरले होते. "मास्तर मानूस हाय, गुणाचा हाय," असे त्यांनी लग्नाच्या मांडवात माझ्यादेखत सर्वांना सांगितले, "पर निरसं दूध पीत न्हाय म्हनून असं झालंय." तेव्हापासून दर आठवड्याला त्या पितळेची किटली घेऊन येत, आणि मी संध्या आटोपून उठतो न उठतो तोच पेला माझ्यापुढे धरून उभ्या राहत. मी पिऊन संपवीपर्यंत पेल्याकडे पाहण्याची त्यांची पद्धत होती. देवाला नैवेद्य दाखवताना मी मिटतो, तेवढेही डोळे त्या मिटत नसत.

आम्हा दोघांची मिळून नात एकच, उमा. अभ्यासाचे दिवस शाहूपुरीत आणि सुट्टीचे सारे दिवस कोडोलीच्या गोठ्यात, अशी तिची वाटणी जन्मापासूनच झाली होती. दहाव्या वर्षी तिने आजीच्या बरोबरीने म्हशीचे बाळंतपण पार पाडले आणि सायंकाळी शुभंकरोतीच्या वेळी मला त्याचा साद्यंत वृत्तांत ऐकवला. तेव्हाच तिच्या पुढील शिक्षणाचा निर्णय झाला असावा. बारावी उत्तीर्ण होताच तिने पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचे आहे असे सांगितले. माझा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अभियंता. त्याने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "एकदाच अर्ज करायचा. प्रवेश झाला तर माझी हरकत नाही. नाही झाला, तर मुकाट्याने इंजिनिअरिंग. मग वाद नको." उमाने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ही वार्ता कोडोलीला पोहोचली, आणि तिसऱ्या दिवशी प्रवेशाची सर्व सूत्रे विहीणबाईंच्या हाती गेली.

महाविद्यालयाची माहितीपुस्तिका टपालाने आली, तेव्हा विहीणबाईंनी हातपाय धुतले, पुस्तिकेला हळदकुंकू वाहिले, मला पाटावर बसवले आणि पुढ्यात मांडी घालून म्हणाल्या, "वाचा पावणं. अर्थासकट वाचा." आयुष्यभर मी पोथ्या वाचल्या, परंतु 'अटी व शर्ती' या अध्यायाला लाभला तसा एकाग्र श्रोता मला क्वचितच लाभला असेल. प्रत्येक नियम संपला की त्या हात जोडत. 'अपूर्ण अर्ज विचारात घेतला जाणार नाही' हे वाक्य आले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि मलाही लावायला लावला. शेवटचे पान मिटल्यावर त्यांनी विचारले, "आनि फळ?"

"कसले फळ?"

"पोथी वाचल्यावर काय मिळतंय ते शेवटाला सांगत्यात की. ह्यात कुठं हाय?"

"वसतिगृह मिळतंय आज्जी," उमा हसत म्हणाली.

"म्हंजे तितंच ऱ्हायाचं?"

"पाच वर्षं."

"बरं," असे म्हणून विहीणबाई उठल्या आणि किटली घासू लागल्या. किटली घासलेलीच होती.

मग अर्ज भरणे सुरू झाले. अक्षर सुवाच्य असावे अशी अट असल्याने ते काम मजकडे आले. 'शरीरावरील ओळखीची खूण' हा रकाना आला, तेव्हा विहीणबाईंनी नातीला उजेडात उभे केले आणि बाजारात म्हैस पारखावी तसे तिला नखशिखांत पाहिले. दात तेवढे पाहिले नाहीत. मी मध्ये पडलो. अखेर उजव्या गुडघ्याखाली एक जुना व्रण सापडला. "ही चंद्रीची लाथ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "लिवा, चंद्री म्हशीनं मारल्याली." मी म्हटले, "म्हशीचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही." "का न्हाय? डाक्टर हुनार हाय न्हवं म्हशीचीच? त्यास्नी कळू द्या की, पोरीची ओळख जुनी हाय." मी 'उजव्या गुडघ्याखाली महिषीच्या खुराचा व्रण' असे लिहिले. त्यात चंद्री नव्हती हे मी त्यांना सांगितले नाही. देव मला क्षमा करो.

'या अभ्यासक्रमास प्रवेश का घ्यावासा वाटतो' या रकान्यापाशी मात्र मला राहवेना. मी दोन दिवस खपून एक निबंध सिद्ध केला. त्यात मुक्या प्राण्यांविषयीची करुणा होती, ऋषींच्या आश्रमांतील धेनू होत्या, आणि एक समास असा होता की त्याने ओळ ओलांडली होती. विहीणबाईंनी तो शांतपणे ऐकला. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या, "पर ह्यात म्हस कुठं हाय?"

"गाय आहे की."

"गाय पुजायला, पावणं. पोरीला हात घालायचाय म्हशीत."

उमाने माझा कागद घडी करून, नमस्कार करून, माझ्याकडे परत दिला आणि रकान्यात स्वतः दोनच ओळी लिहिल्या: 'आमच्या गावात डॉक्टर येईपर्यंत उशीर होतो. मी गावातच असेन.' विहीणबाईंनी त्या ओळी मला तीनदा वाचायला लावल्या.

कागदपत्रांच्या प्रती राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायच्या होत्या. मी एका परिचित प्राचार्यांचे नाव सुचवीत होतो, तोवर विहीणबाईंनी मला कोडोलीच्या एस.टी.त बसवले होते. त्यांच्या परिचयाचे एकच राजपत्रित अधिकारी, ते म्हणजे जनावरांचे सरकारी डॉक्टर, आणि ते त्या वेळी नेमके त्यांच्याच गोठ्यात चंद्रीला इंजेक्शन देत होते. टेबल नव्हते. विहीणबाईंनी चंद्रीच्या पाठीवर एक पाट ठेवला, पाटावर कागद ठेवले आणि म्हणाल्या, "मारा शिक्के, हलायची न्हाय ती." डॉक्टरांनी सोळा प्रतींवर शिक्के मारले. बाराव्या प्रतीवरचा शिक्का तिरपा आहे, कारण त्या क्षणी चंद्रीला माशी चावली.

मी तेवढ्या वेळात गोठा पाहत होतो. मागच्या भिंतीला ओळीने लाकडी खुंट्या होत्या आणि खुंट्यांना एकेक जुनाट दोर गुंडाळून ठेवलेला होता. हे कशासाठी, असे मी विचारले. "इकलेल्या म्हशींची दावी ती," विहीणबाई म्हणाल्या. "म्हस दिली तरी दावं देत न्हाईत आमच्यात. घेनाऱ्यानं आपलं दावं घिऊन यायाचं. आपलं दावं दिलं, की तिच्या मागनं लक्षुमी बी जाती." मी दावी मोजली. अकरा होती. बारावी खुंटी रिकामी होती.

अर्ज रवाना झाला आणि पाठपुरावा सुरू झाला. पाठपुरावा म्हणजे काय, ते मला तोवर ठाऊक नव्हते. आमच्या कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमधून विहीणबाई एक दिवसाआड महाविद्यालयात दूरध्वनी करीत. बूथचे काचेचे दार त्या लावून घेत, परंतु त्याने काही फरक पडत नसे; पलीकडच्या चष्म्याच्या दुकानातील गिऱ्हाइकेही आमच्या अर्जाची प्रगती जाणून होती. "हालो, मी कोडोलीची आज्जी बोलतोय. साहेब, जेवला काय?" हे त्यांचे मंगलाचरण. पहिल्या दिवशी पलीकडच्या लेखनिकाने, अर्ज मिळाला आहे, पुन्हा पुन्हा फोन करू नये, असे बजावले. दुसऱ्या खेपेस तो जेवला नव्हता असे निघाले. तिसऱ्या खेपेस त्याच्या आईचा गुडघा दुखतो असे कळले, आणि विहीणबाईंनी बूथच्या दारातून मला हाक मारून निरगुडीचा पाला कसा शेकायचा हे त्याला शुद्ध मराठीत सांगायला लावले. महिनाभरात तो लेखनिक काही विचारायच्या आधीच सांगू लागला, "आजी, यादी अजून लागली नाही. आई बरी आहे."

यादी लागली ती त्यानेच कळवली, आणि उमाचे नाव तीत होते. त्या दिवशी विहीणबाईंनी गल्लीतल्या प्रत्येक घरी खरवस वाटला. ज्या घराशी आमचे अकरा वर्षे बोलणे नव्हते त्या घरीही त्यांनी वाटला, आणि ते बोलणे सुरू झाल्याने पुढे मला बराच त्रास झाला. पण तो विषय वेगळा.

आता एवढेच उरले होते, की शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत शुल्काचा ड्राफ्ट आणि बारावीचा शाळा सोडल्याचा मूळ दाखला महाविद्यालयात पोहोचायला हवा. न पोहोचल्यास जागा पुढच्या विद्यार्थ्यास जाणार होती. सोमवारी मी जाड पाकीट आणले, आत ठेवलेल्या कागदांची यादी केली, आणि ते बंद करणार तोच विहीणबाई म्हणाल्या, "दाखल्यावर काय लिवलंय ते वाचा एकदा." मी वाचले. नाव, जन्मतारीख, प्रगती. 'वर्तणूक: चांगली' यावर त्यांनी मला थांबवले. "नुसती चांगली? लई चांगली लिवायला मास्तरच्या शाईला काय झालंतं?" मी पुढे वाचले, 'शाळा सोडण्याचे कारण: पुढील शिक्षणासाठी.' त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले. मग म्हणाल्या, "द्या ते पाकीट. एक दिस माझ्या देवापुढं ठेवतो, उद्या रजिस्टर करतो." देवाचे नाव निघाल्यावर मी काय बोलणार? मंगळवारी कोडोलीच्या पोस्टाची पावती त्यांनी माझ्या हातात दिली.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे बूथवर गेलो. नेहमीचे मंगलाचरण झाले. मग लेखनिक काही बोलला, आणि विहीणबाईंनी रिसीव्हर माझ्या हातात देऊन टाकला. "आजोबा, पाकीट आलं," तो सांगत होता, "ड्राफ्ट आहे. दाखल्याची मात्र झेरॉक्स आहे, मूळ दाखला नाही. उद्या पाचनंतर माझ्या हातात काही नाही." मी वळून पाहिले तर बूथबाहेर कोणी नव्हते. विहीणबाई लेखनिकाच्या आईचा गुडघा न विचारता निघून गेल्या होत्या. मला तेव्हाच काही उमगायला हवे होते. मी मात्र टपाल खात्याला बोल लावीत घरी आलो.

मुलगा रागावला नाही. "बाबा, दुसरी प्रत काढायला आठवडा लागतो," तो म्हणाला. "ठरलं होतं तसं करू. इंजिनिअरिंगचा फॉर्म माझ्या बॅगेत आहे." उमा रडली नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आली. थोड्या वेळाने पुन्हा गेली. मग तिसऱ्यांदा गेली. मी देवघरात बसलो, पण स्तोत्राची ओळ विसरलो, आणि पन्नास वर्षांत ती ओळ मी कधी विसरलो नव्हतो.

शनिवारी उजाडल्यावर मी दार उघडले तर विहीणबाई पायरीवर उभ्या होत्या. दुधाच्या टेम्पोतून आल्या होत्या. हाक ऐकू आली नव्हती, त्यामुळे घरात चहाचे आधण नव्हते. त्यांनी कनवटीची पिशवी सोडली आणि तीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला दाखला काढला.

"पावणं, पोस्टाला बोल लावू नगा. दाखला माझ्यापाशी हुता."

"तुमच्यापाशी? कुठे?"

"गोठ्यात. खुटीला."

माझ्या मागे मुलगा आणि उमा येऊन उभे राहिले होते. मी विचारले, "पण का?"

"मूळ हाय न्हवं ते? झेरॉक्स धाडली की मी. म्हटलं, पोरगी जाऊ दे, शिकू दे. मूळ तेवढं घरात ऱ्हाऊ दे." त्यांचा आवाज तेव्हा ओठांतल्या ओठांत आला. तो प्रकार त्यांना येत होता हे मला प्रथमच कळले. "मला काय ठावं, त्येच्यावाचून घेत न्हाईत ते."

बारावी खुंटी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. उमाला मला काही समजावून सांगावे लागले नाही. ती त्याच गोठ्यात वाढली होती. ती आजीला बिलगली आणि म्हणाली, "आज्जी, मी काय चंद्री हाय व्हय?" विहीणबाई म्हणाल्या, "चंद्री बरी. लाथ मारती, पर शीव वलांडत न्हाय." माझा मुलगा तेवढ्यात घड्याळ पाहत होता. त्याच्या बॅगेत दुसरा फॉर्म तयार होता आणि त्याला नुसते गप्प बसायचे होते. "सातची गाडी मिळेल," तो म्हणाला आणि चप्पल न घालताच रिक्षा आणायला धावला.

एस.टी.चा प्रवास सहा तासांचा होता आणि वाटेत चाक पंक्चर झाल्याने तो आठ तासांचा झाला. विहीणबाई तेवढा वेळ दाखला मांडीवर धरून बसल्या होत्या. वाहकाने तिकिटाचे पैसे मागितले, त्याही वेळी तो त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयात चार खिडक्या होत्या. तीन बंद होत्या आणि चौथ्या खिडकीतला तरुण डबा आवरीत होता. विहीणबाईंनी त्याला कधी पाहिले नव्हते, त्यानेही त्यांना पाहिले नव्हते. त्यांनी हळूच विचारले, "साहेब, जेवला काय?" तो ताडकन उभा राहिला. "कोडोलीच्या आजी?"

दाखला खिडकीतून आत गेला, पण पुरता गेला नाही. त्याचे एक टोक लेखनिकाच्या हातात होते आणि दुसरे विहीणबाईंच्या. "आजी, सोडा ना," तो अदबीने म्हणाला.

"ह्यो परत कवा मिळायचा?"

"परत नाही मिळत, आजी. हा इथल्या फायलीतच राहतो. शिक्षण संपलं की आम्ही आमचा दाखला देतो तिला."

"म्हंजे दावं तुमचं," विहीणबाई म्हणाल्या.

त्याला काहीच उमगले नसावे. तरी लेखनिकाच्या सवयीने त्याने मान डोलावली. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. मी मनातल्या मनात अंबाबाईचे नाव घेतले. उमा आजीच्या खांद्यामागे उभी होती. मग विहीणबाईंची बोटे एकेक करून सुटली, अंगठा सर्वांत शेवटी. दोर न देण्याचा नेम त्यांनी जन्मात एकदाच मोडला, आणि तो मोडताना मी जवळ होतो. "माझी झेरॉक्स मला परत द्या," त्या म्हणाल्या. ती मिळाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले, घसा साफ केला आणि विचारले, "आईचा गुडघा कसा हाय?" तो प्रश्न इतक्या मूळ स्वरात आला की उरलेल्या तिन्ही खिडक्या उघडल्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. उमा डॉक्टर झाली. 'मी गावातच असेन' असे तिने लिहिले होते, परंतु सरकारी नोकरीत गाव आपण निवडत नाही. तिचे गाव तीन जिल्हे पलीकडे आहे. ती सवड मिळेल तशी येते. गेल्या बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, मी कोडोलीला गेलो होतो. विहीणबाईंना आता कमी ऐकू येते, त्यामुळे आवाज पूर्वीपेक्षाही मोठा झाला आहे. गोठ्यात एकच म्हैस उरली आहे, चंद्रीची पणती. तिच्या शिंगांना त्यांनी स्वतः हिंगूळ लावला होता. भिंतीवर दावी तशीच होती, आणि बाराव्या खुंटीला प्लास्टिकच्या कागदातली ती झेरॉक्स. त्यांनी ती काढून माझ्यापुढे धरली.

"वाचा पावणं. अर्थासकट."

शाई प्लास्टिकला चिकटून अक्षरे पुसट झाली होती आणि माझ्या डोळ्यांनाही आता मोतीबिंदू आहे. परंतु पाठ असलेल्या पोथीला अक्षरे लागत नाहीत. मी नाव वाचले, जन्मतारीख वाचली. वर्तणुकीपाशी आलो आणि 'लई चांगली' असे वाचले. त्यांनी समाधानाने मान हलवली.

"आनि सोडायचं कारन?"

"पुढील शिक्षणासाठी."

"दुसरं काय न्हाय न्हवं लिवल्यालं?"

"दुसरे काही नाही."

"मग येतीया," त्या म्हणाल्या. त्यांनी झेरॉक्स पुन्हा खुंटीला अडकवली आणि ती खुंटी एकदा हलवून पाहिली. घट्ट होती.